डबा जागेवर मिळाला

मी डबा. जेवणाचा, स्टीलचा, गोल. वर कडी, दोन बाजूंना खिट्ट्या आणि आत भाजीची एक वाटी. रिकामा डबा फार वाजतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण आज मला वाजू द्या. जेव्हा खरंच ओरडायला हवं होतं, तेव्हा माझ्या तोंडून टकसुद्धा झालं नाही.

जन्माचं फार लांबण लावत नाही. पिंपरीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात चिमाजीमामांनी मला उचललं, टिचकी मारून पाहिलं, घासाघीस केली आणि दुकानदाराला म्हणाले, "यावर नाव घाला." मग ती सुई आली. टर्रर्र करत माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटली : 'चि. तानुबाई हिस चिमाजी मामांकडून, मे १९८९.' दुखलं, खोटं कशाला बोलू! पण त्या घडीपासून मी दुकानातल्या शंभरांतला एक राहिलो नाही. मी तानुबाईचा डबा झालो.

लग्नात आलेली बाकीची भांडी फळीवर चढून बसली. मला मात्र तिसऱ्याच दिवशी कामाला जुंपलं. तानुबाईचा नवरा जयसिंग ओव्हाळ तळवड्याच्या एका प्रेस शॉपमध्ये होता. लोखंडी पत्रे दाबून गाड्यांचे सुटे भाग काढायचे, ते काम. टोकन नंबर ४१७. राहायला काळेवाडीत दहा बाय बाराची भाड्याची खोली. पहिली पाळी असली की तानुबाई चारला उठून भाकऱ्या थापायची, मला भरायची, खिट्ट्या लावायची आणि वरून एकदा थोपटायची. मग सायकलच्या हँडलला मी, आणि सायकलवर जयसिंग. वर्षानुवर्षं हेच.

कंपनीत डब्यांसाठी रॅक होता. पण मशीनच्या तेलाचा वास भाकरीला लागतो म्हणून जयसिंगनं माझ्यासाठी वेगळी जागा शोधली होती. मागच्या कंपाउंडच्या भिंतीत, बाहेरच्या अंगाला, करंजाच्या झाडाआड दोन विटा निखळून कोनाडा झाला होता. आत जायच्या आधी तो मला तिथं ठेवायचा. ती माझी जागा. गेटवर पितळी टोकन फळ्याला अडकवायचं आणि मगच कामाला हात लावायचा, ही कंपनीची शिस्त. जयसिंगच्या अंगात ती इतकी मुरली होती की टोकन जमा केल्याशिवाय त्याला घाससुद्धा गोड लागत नसे.

जेवणाची सुट्टी झाली की पाचसहा जण करंजाखाली गोल करून बसायचे. एखाद्या नवख्यानं डबा आणलेला नसायचा. तो बिचारा लाजून लांब उभा राहायचा. जयसिंग त्याला विचारायचा, "कुठल्या डिपार्टमेंटला?" आणि उत्तर येईपर्यंत भाकरी मोडून अर्धी पुढं केलेली असायची. "या की राव. हितं कुणी एकटं जेवत न्हाई." किती जणांनी माझ्यातलं खाल्लं, त्याची गणती नाही. तानुबाईला ते ठाऊक होतं. ती एक भाकरी जास्तीच घालायची.

मग एक दिवस कंपनी बंद पडली. खोली पाडून तिथं मोठी इमारत उभी राहिली. जयसिंगची एकुलती एक मुलगी मैत्री शिकली, तळवड्याच्याच आयटी पार्कात लागली, आणि तिनं चऱ्होलीत फ्लॅट घेतला. चार वर्षांमागं तानुबाई गेली. ती गेली आणि जयसिंगचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आधी चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, मग वार आठवेना, मग मजला आठवेना. मैत्रीनं त्याच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर नाव, पत्ता, तिचा फोन नंबर. "बाबा, हे काढायचं नाही हं," असं ती रोज सांगायची.

त्या घरात मी ओट्यावरच्या कपाटात होतो. पण पडून नव्हतो हो! रोज सकाळी जयसिंग मला खाली काढायचा, झाकण उघडून आत बघायचा, "रिकामा हाय," म्हणायचा आणि दाराशी चपलांजवळ ठेवून द्यायचा. ऑफिसला जाताना मैत्री मला उचलून परत कपाटात टाकायची. तिला वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा. मला ठाऊक होतं, ती त्याची कामावर जायची तयारी होती.

आता त्या खेळाकडे येतो.

मैत्रीच्या ऑफिसात सनी नावाचा मुलगा आहे. त्यानं तिला नाद लावला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एखादी डबी कुठंतरी लपवायची, ती जागा अक्षांश-रेखांशात मोजून ॲपवर टाकायची, आणि बाकीच्यांनी मोबाइल हातात धरून ती हुडकायची. सापडली की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतलं काही घेतलं तर बदल्यात काहीतरी ठेवायचं. आणि डबी जशी होती तशी जागेवर परत. बास. बक्षीस नाही, काही नाही. अख्ख्या जगात लोक हे करतात म्हणे. मला ऐकून नवल वाटलं. माणसं स्वतःच्या घरातल्या वस्तू शोधताना घर डोक्यावर घेतात, आणि दुसऱ्याची डबी शोधायला सुट्टीच्या दिवशी डोंगर चढतात!

पहिली डबी तिला दुर्गा टेकडीवर सापडली. अडीच तास तिनं कठड्याचा दगड न् दगड चाचपला, आणि बोटाएवढी डबी मिळाली. घरी आली ती हसतच. तानुबाई गेल्यापासून त्या घरात मी तसं हसू ऐकलं नव्हतं. "बाबा, सापडली! मला सापडली!" जयसिंगला काही कळलं नाही, पण तोही हसला. म्हणून सांगतो, त्या खेळाला मी नावं ठेवत नाही. दिवसभर कंपनी आणि उरलेला वेळ बाबा, यात त्या पोरीचं स्वतःचं म्हणून एवढंच होतं.

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! सनीनं तिला बजावलं होतं, "आधी वीसपंचवीस शोध. लोक कसं लपवतात, कसं लिहितात, बघ. मग स्वतःची लपव." हिच्या तीन शोधून झाल्या आणि हिला चौथ्या आठवड्यात स्वतःचा डबा लपवायचा होता.

शनिवारी संध्याकाळी तिनं मला कपाटातून काढलं. घासून पुसून लख्ख केलं. आत एक छोटी वही, पेन्सिल, एक शिट्टी आणि किल्ल्यांची कडी ठेवली. जयसिंग खुर्चीत बसून बघत होता.

"माझा डबा," तो म्हणाला.

"हो बाबा. उद्या तुमच्या कंपनीपाशी ठेवणार आहे. तुमच्या त्या कोनाड्यात. लहानपणी दाखवला होतात ना मला?"

"जागेवर?"

"हो, जागेवर."

जयसिंग ताठ बसला. "पहिली पाळी हाय का?"

मैत्रीचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. खेळाचे नियम वाचत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो हो. पहिली पाळी."

अगं बाई, काय बोललीस तू हे! त्याच्याकडे बघ तरी एकदा! त्याचा चेहरा असा उजळला होता की बस्स. पण तिचं आपलं पक्कं होतं, बाबांना आता काही कळत नाही. एकदा समजूत करून घेतली की ती खरीच वाटते.

रविवारी तिनं मला कोनाड्यात ठेवलं. किती वर्षांनी! भिंत तीच, करंज चांगला फोफावलेला. कंपनीच्या जागी आता कुणाचं तरी गोदाम आणि कोपऱ्यावर रतनबाईंची चहाची टपरी. मैत्रीनं मोबाइलवर बघून स्वतःशीच वाचलं, "अठरा अंश, एक्केचाळीस मिनिटं, पंचवीस सेकंद." आणि ॲपमध्ये टाइप केलं, अठरा पॉइंट एक्केचाळीस पंचवीस. पुढचा आकडाही तसाच. खाली चार ओळींचं वर्णन आणि स्वतःचा फोन नंबर. मला त्यातलं काय कळणार! मी आपला खूश. आता माणसं येणार, मला उघडणार, हसणार. कितीतरी वर्षांनी मी कामावर लागलो होतो.

सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला पावलं वाजली. मी म्हटलं, आला पहिला गडी!

आला तो जयसिंग.

एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात मैत्रीची. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. अंगात कंपनीचा जुना राखाडी शर्ट, बटणं वरखाली लागलेली. चऱ्होलीहून तळवडे म्हणजे काय शेजारच्या गल्लीत नाही. दहाबारा किलोमीटर हा माणूस एकटा, अंधारात घर सोडून, पायी चालत आला होता. हातात मोबाइल नाही, अक्षांश नाही, रेखांश नाही. सरळ करंजामागं आला आणि त्यानं कोनाड्यात हात घातला.

"हाय जागेवर," तो म्हणाला.

माझा ऊर भरून आला. पण घरी कुणाला माहीत आहे का? मैत्री उठली असेल का?

तो दगडावर बसला. आधी त्यानं गळ्यातलं कार्ड काढलं. नाव, पत्ता, फोन नंबर असलेलं तेच ते कार्ड. मग माझं झाकण उघडलं आणि कार्ड आत ठेवून दिलं. "टोकन जमा," म्हणाला.

नको रे जयसिंग! ते टोकन नाही! ते गळ्यात घाल, पाया पडतो तुझ्या! पण डब्याला कुठले पाय आणि कुठली वाचा. आतल्या आत ती शिट्टी होती माझ्याकडे, तीसुद्धा कुणी फुंकल्याशिवाय वाजणार नव्हती.

मग त्यानं वही काढली. हजेरीपट असावा तशी ती उघडली आणि पहिल्या पानावर सावकाश लिहिलं : 'जयसिंग ओव्हाळ. टोकन नं. ४१७. पहिली पाळी, ७ वा. हजर. डबा जागेवर मिळाला.' तो थांबला. माझ्यात परत वाकून बघितलं. वाटी उचलून तिच्याखाली बघितलं. मग पुढं लिहिलं : 'रिकामा आहे. खोलीवर जाऊन तानूला सांगतो. भरून आणतो.'

खोली म्हणजे काळेवाडीची. ओव्हाळांच्या घरात दुसऱ्या कशालाच कधी खोली म्हटलं नाही. चऱ्होलीच्या घराला फ्लॅटच म्हणत. जी खोली उरली नाही तिथं हा निघाला होता, आणि जी बाई उरली नाही तिला भाकरी मागायला.

त्यानं वही आत ठेवली, झाकण लावलं, दोन्ही खिट्ट्या घातल्या. वरून थोपटलं, तानुबाई थोपटायची तसंच. मला कोनाड्यात सारलं आणि तो काळेवाडीच्या रस्त्याला लागला. गळा मोकळा. वाटेत कुणी त्याला विचारलं, बाबा कुठले, तर तो काय सांगणार होता? त्याचं नाव-गाव सगळं माझ्या पोटात.

रतनबाईंची टपरी साडेआठला उघडते. तासाभराची चुकामूक झाली.

त्या दिवशी मी काय काय विनवण्या केल्या, ते मलाच माहीत. कुणीतरी या. खेळणारं या, न खेळणारं या, चोर या. कुणीही मला उघडा आणि ते पान वाचा. दुपार झाली. टपरीवर माणसं येत होती, कटिंग पीत होती, ओव्हरटाइमच्या आणि सुपरवायझरच्या गप्पा मारत होती. करंजाच्या सावलीला उभं राहून एकानं माझ्यापासून दोन हातांवर फोनवर बायकोशी भांडण केलं. कोनाड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाहणार तरी कशाला? लपवलेली वस्तू ती. मला इतकं नीट लपवलं होतं की माझ्यासोबत माझा मालकही लपला होता.

आणि खेळणारे? त्यांच्यातलं एकही माणूस येईना. सनीच म्हणाला होता, नवा डबा लागला की पहिलं नाव लिहायला लोक धावत सुटतात. मग गेले कुठं सगळे? रात्र गेली. मंगळवारची दुपारही गेली. जयसिंग खाल्ल्याविना कुठं फिरत असेल, या विचारानं मी आतून गंजत होतो. स्टीलला गंज चढत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा कोनाड्यात बसून बघावं.

मंगळवारी संध्याकाळी पाचला मैत्री आली. सोबत सनी. दोन दिवसांत पोरीची रया गेली होती. हातात जयसिंगचा फोटो.

"मावशी, यांना पाहिलं का हो? माझे वडील आहेत. काल सकाळपासून सापडत नाहीत. आळंदीचा घाट बघितला, हॉस्पिटलं बघितली, पोलिसांत दिलंय. पूर्वी याच कंपनीत होते."

रतनबाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "न्हाई गं माये. मी साडेआठला येते. त्याच्या आदी आले असतील तर काय ठावं. बस घडीभर, पाणी पी."

मैत्री बसली. कुठं बसली म्हणाल? करंजाखालच्या त्याच दगडावर. माझ्याकडे पाठ करून. हात मागं केला असता तर मला लागला असता.

अगं, मागं बघ! मैत्री, मागं बघ! तुझ्या बापाची सही माझ्या पोटात आहे! आयुष्यात इतकी धडपड मी कधी केली नसेल. एवढी मोठमोठी यंत्रं त्या भिंतीपलीकडे वर्षानुवर्षं धडाडली, त्यांच्या हादऱ्यानं मी रोज कोनाड्यात थरथरायचो. आज एक हादरा हवा होता, एकच, की मी घरंगळून तिच्या पायाशी पडलो असतो. पण कंपनी बंद. भिंत गप्प.

"सनी, माझंच चुकलं," ती रडत म्हणाली. "शनिवार-रविवार मी या डब्याच्या नादात. त्यांच्याशी दोन शब्द धड बोलले नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दोन दिवस येईल तो फोन ती स्पीकरवरच घेत होती, हातात कायम फोटो असायचा म्हणून.

"नमस्कार मॅडम, गोरक्ष बोलतोय, मोशीवरनं. म्हणजे मोशीचा, पण आता ताम्हिणीच्या डोंगरात हाय. तुमच्या नव्या डब्यासाठी आलोय. पहिलं नाव आपलं लागावं म्हणून सुट्टी टाकली. तीन तास झाले, करवंदीत अंग सोलून निघालं. काल आणखी दोघं येऊन गेले म्हणे. तुम्ही वर्णनात लिहिलंय, वडिलांच्या कंपनीच्या भिंतीत. हितं कसली आलीय कंपनी? माकडं हायत नुसती!"

"डब्याचं मरू दे हो," मैत्री ओरडलीच. "माझे वडील हरवलेत! ठेवा फोन!"

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, माफ करा. कधीपासनं?"

"काल पहाटेपासून."

"ज्यांचा डबा, तेच वडील?"

"हो."

"ताई, राग मानू नका, एक विचारतो. आकडे टाकताना अंश-मिनिटांचा घोळ झालाय तुमचा. अंशात मिनिटं साठ असतात. साडेसात वाजले की घड्याळात सात-तीस दिसतं, पण म्हणून ते सात पॉइंट तीस होत न्हाई, सात पॉइंट पाच होतं. तुम्ही साठातलं शंभरात बसवलंत आणि आम्ही सगळे डोंगरात आलो. मग डबा खरा हाय कुठं?"

"इथंच," मैत्री म्हणाली. "तळवड्यात. माझ्या..." आणि ती वळली.

"तुमच्या वडलांना ठावं हाय का, तो कुठं ठेवलाय?"

शनिवारची संध्याकाळ तिला आठवत असणार. जागेवर? हो, जागेवर. पहिली पाळी? हो हो.

तिनं मला ओढून काढलं. खिट्टी निघेना, नख मोडलं. झाकण उघडलं आणि सगळ्यांत आधी तिच्या हाती आलं ते कार्ड. तिनं अशी किंकाळी फोडली की रतनबाईंच्या हातातली चहाची किटली कलंडली. मग तिनं वही उघडली. वाचताना तिचे ओठ हलत होते. "खोलीवर," ती म्हणाली. "सनी, काळेवाडी! बाबा खोलीवर गेलेत!"

फोन चालूच होता. गोरक्ष म्हणाला, "पत्ता टाका ताई, पत्ता टाका. खेळणारी आमची पोरं काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, सगळीकडं हायत. शोधायची सवय असल्याली माणसं हायत ही. एक गल्ली सोडणार न्हाईत. फोटो धाडा!"

ती पळाली. वही आणि कार्ड तिच्या मुठीत. सनी गाडी काढायला पुढं. मी दगडावर पडलो होतो, उघडा, झाकण एकीकडे, वाटी एकीकडे. त्या घाईत मला उचलायचं कुणाला सुचावं? आणि सुचू नयेच. धाव पोरी, मी म्हटलं, माझं राहू दे.

पण पुढं काय झालं?

अकरा दिवस मला ते कळलं नाही. रतनबाईंनी मला गोळा करून कोनाड्यात सरकवलं, इतकी त्यांची माया. "त्या पोरीचा डबा हाय," असं त्यांनी एका भंगारवाल्याला दोनदा दटावून सांगितलं, नाहीतर मी केव्हाच वजनावर गेलो असतो. माझ्यात मुंग्या फिरल्या, करंजाची फुलं पडली. टपरीवर कुणी 'म्हातारा' म्हटलं की मी कान टवकारायचो. एकदा दोघंजण नदीत सापडलेल्या कुणाबद्दल बोलत होते. तो अख्खा दिवस मी कसा काढला, ते विचारू नका. नंतर समजलं, ते दुसरंच कुणी होतं. तरी मला हायसं वाटल्याची लाज वाटली. तोही कुणाचा तरी कुणी असेलच ना.

बाराव्या दिवशी, रविवारी, रिक्षा थांबली. आधी मैत्री उतरली. मग तिनं हात दिला, आणि जयसिंग उतरला.

आहे! जिवंत आहे! वाळलाय, गालफडं बसलीत, पायाला पट्टी आहे, पण आहे!

मैत्रीनं रतनबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. काळेवाडीत खोलीच्या जागेवर जी इमारत आहे, तिच्या पार्किंगमध्ये तो मिळाला. दीड दिवस तिथंच बसून. तिथल्या वॉचमननं त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, नाव विचारलं. तो एकच सांगत होता, "तानू पाणी भराया गेलीया, येईलच." गोरक्षच्या मित्रांपैकी एका कॉलेजच्या मुलीला तो दिसला. तिनं मैत्रीला फोन केला आणि दोनच शब्द बोलली, "सापडले काका." मग त्याला ताप भरला, आठवडाभर दवाखान्यात होता.

"आणि आता?" रतनबाईंनी विचारलं.

मैत्रीनं मान हलवली. "शरीरानं बरे आहेत. पण मावशी, त्या दिवसापासून ते मला ओळखत नाहीत."

तिनं मला घासलं, टपरीवरच्या पाण्यानं. मग पिशवीतून फडकं काढलं. त्यात भाकऱ्या होत्या. जरा वेड्यावाकड्या, तानुबाईच्या नव्हेत, पण हाताच्या. मेथीची भाजी वाटीत भरली. खिट्ट्या लावल्या. मला कोनाड्यात ठेवलं आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली.

जयसिंग करंजामागं आला. गळ्यातलं नवं कार्ड काढून त्यानं झाडाच्या फांदीला अडकवलं. कोनाड्यात हात घातला, मला उचललं आणि तो थबकला. मी जड होतो.

"भरलेला हाय," तो म्हणाला. आणि असा हसला!

दगडावर बसून त्यानं मला उघडलं. घास मोडणार, तेवढ्यात त्याचं लक्ष लांब उभ्या मैत्रीकडे गेलं.

"बाई, तुमचा डबा?"

मैत्रीनं रिकामे हात दाखवले. "नाही आणला."

"नवीन लागलात काय? कुठल्या डिपार्टमेंटला?"

ती दोन पावलं पुढं आली आणि म्हणाली, "हो. नवीनच आहे. आजच लागले."

"मग या की. हितं कुणी एकटं जेवत न्हाई." त्यानं भाकरी मोडली आणि अर्धी पुढं केली.

ती त्याच्यासमोर बसली. दोघं जेवायला लागली. मध्येच तो म्हणाला, "आमची बी पोरगी हाय, मैत्री. बारकी हाय अजून. लपाया लई हुश्शार. एकदा लपली ती तासभर सापडंना. जीव गेला व्हता माझा."

"मग? ओरडलात तिला?"

"छ्या! सापडली ना! मग वरडायचं कशाला?"

मैत्रीनं भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि ती तशीच रडत राहिली. जयसिंगला वाटलं, ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

आता मी त्या ॲपवर नाही. मैत्रीनं मला तिथून काढून टाकलं. आठवडाभर मी चऱ्होलीला असतो, कपाटात नाही, दाराशी, चपलांजवळ. दर रविवारी ती मला भरते आणि आम्ही तिघं कामावर येतो. जयसिंगचा घास आता हळू झालाय. किती रविवार उरलेत, मला माहीत नाही.

एक मागणं आहे. तळवड्याला त्या भिंतीवरून कधी गेलात आणि करंजाखाली एक म्हातारा आणि एक बाई एका डब्यात जेवताना दिसली, तर लांब उभे राहू नका. तो तुम्हाला विचारेल, कुठल्या डिपार्टमेंटला. काहीही सांगा, त्याला सगळं चालतं. अर्धी भाकरी देईल ती घ्या, भरपूर असते. फक्त कंपनी बंद झाली, एवढं त्याला सांगू नका.